चौकटीत काय उतरले? : हौशी छायाचित्रकारासाठी एक प्रस्तावना

फोटो काढणे आज मराठी घरातल्या जवळजवळ प्रत्येकाला येते. बारशाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, गडावर, शेतात, लोकलच्या दारात, गणपतीच्या आरतीला हात आपोआप मोबाईलकडे जातो. काढलेला फोटो त्याच मिनिटाला नातेवाइकांपर्यंत पोचतो आणि दादही लगेच मिळते: ‘मस्त’, ‘सुंदर’, एखादा अंगठा, एखादा बदाम. या दादेत प्रेम असते आणि त्या प्रेमाची किंमत कमी नाही. पण काही जणांना एका टप्प्यावर वेगळीच हुरहूर लागते. फोटो बरा आहे, तरी त्यात काहीतरी राहून गेले आहे आणि नेमके काय राहिले हे कोणी सांगेल तर बरे, असे त्यांना वाटू लागते. ही प्रस्तावना त्यांच्यासाठी आहे.

अशा वाचकांना आरंभीच एक दिलासा द्यायला हवा. आपला फोटो दुसऱ्यासमोर ठेवणे, त्यावर अभिप्राय मागणे, तो नीट ऐकणे आणि पुढचा फोटो अधिक डोळसपणे काढणे ही जुनी, अनेकांच्या पावलांनी रुळलेली वाट आहे. तिला इतिहास आहे, पद्धत आहे, मतभेदही आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा, कोणते भिंग बसवावे, यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. काढून झालेल्या फोटोकडे कसे पाहावे, यावर त्या मानाने कमी होते. वास्तविक हौशी छायाचित्रकाराची खरी प्रगती बहुतेक वेळा दुसऱ्या विषयातून होते आणि तिला पैसाही लागत नाही.

या क्षेत्रात शिरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. पावसाळ्यात तुम्ही सिंहगड चढता. दम लागलेला असतो, अंगावर गार वारा असतो, कोणीतरी पिठलं-भाकरीची आशा दाखवलेली असते, आणि अचानक धुक्यातून पुणे दरवाजा समोर येतो. तुम्ही फोटो काढता. घरी तो पाहताना वारा, वास, दम, सोबतीची बडबड सगळे पुन्हा जागे होते. शेजाऱ्याला मात्र तो दाखवला, तर त्याला करड्या पटलावर एक अंधुक कमान आणि कडेला कोणाचा तरी रेनकोट दिसतो. दोघेही खरेच सांगत असतात. काढणाऱ्याला आठवण दिसते, पाहणाऱ्याला फक्त चौकट दिसते.

आपला स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला हवेबरोबरच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो; इतरांना ऐकू येतो तो फक्त हवेतला. फोटोचे तसेच आहे. चौकटीबाहेरचे जे काही आपण अनुभवले, ते आपल्या नजरेतून वजा करणे आपल्याला एकट्याने फार कठीण जाते. दुसऱ्याचा डोळा म्हणूनच लागतो. तो आपल्याहून हुशार असेलच असे नाही, पण तो तिथे नव्हता आणि हीच त्याची मोठी पात्रता आहे. अभिप्राय म्हणजे निकाल, ही समजूत एकदा बाजूला ठेवली आणि चौकटीत नेमके काय उतरले हे तपासण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहिले, की तो मागताना संकोच उरत नाही आणि ऐकताना मन दुखत नाही.

छायाचित्रण आपल्याकडे आले तेच मुळी अशा सामूहिक पाहण्याच्या सवयीसह. दागेर यांची छायाचित्र टिपण्याची पद्धत पॅरिसमध्ये 1839 साली जाहीर झाली आणि अवघ्या दीड दशकात, 1854 मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. भारतातली ही अशी पहिली संस्था. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था तिच्यानंतर आल्या. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. सोसायटीने स्वतःचे नियतकालिक काढले. पाठोपाठ 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले. काच, रसायने आणि अंधारी खोली यांच्याशी झुंजण्याच्या त्या काळात एकमेकांचे काम पाहिल्याशिवाय कोणाचेच भागत नव्हते. मराठी वाचकाने अभिमानाने सांगावा असा हा वारसा आहे: या कलेची इथली सुरुवातच मंडळी जमवून झाली.

हौशी फोटो, म्हणजे आपण ज्याला सहज काढलेला फोटो म्हणतो तो, पुढच्या पिढीत आला. जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा 1888 साली बाजारात आला तेव्हा त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. तो संपला की सबंध कॅमेरा कारखान्याकडे पाठवायचा आणि फोटो तयार होऊन परत यायची वाट पाहायची. 1900 मध्ये आलेल्या ब्राउनीची किंमत एक डॉलर होती. कॅमेरा अशा रीतीने घराघरात शिरला आणि आई, बाळ, कुत्रे, सहल, समुद्रकिनारा हे विषय छायाचित्रणात मानाने बसले. या फोटोंना कमी लेखण्याचे कारण नाही. व्यावसायिकाला सहजी न मिळणारी एक गोष्ट हौशी छायाचित्रकाराजवळ असते: माणसांचा विश्वास. आजी नातवाच्या कॅमेऱ्यासमोर जशी बसते, तशी ती परक्यासमोर बसत नाही.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण इथे आठवावे. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा आणि नंतरचा दिल्लीचा काळ त्यांनी टिपला आणि 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांची सुरुवात मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना झाली. कॅमेरा हाताळायला त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकल्या. सुरुवातीच्या चित्रांत त्यांच्या मैत्रिणी आहेत, सहल आहे, शहरातले रोजचे जगणे आहे, म्हणजे कोणत्याही नवशिक्याच्या हाताशी असतात तेच विषय. चित्रकलेच्या वर्गात घडलेली नजर आणि सोबत पाहणारा एक जाणकार, एवढ्या सामग्रीवर ते काम पुढे गेले. ती छायाचित्रे प्रथम माणेकशा यांच्या नावाने छापली जात, हेही त्या काळाचे वास्तव आहे आणि वाचकांनी तेही लक्षात ठेवावे.

आता पद्धतीकडे वळू. छायाचित्राकडे पाहण्याचे एक सोपे आणि भरवशाचे सूत्र कलाशिक्षणात रूढ आहे: आधी वर्णन, मग अर्थ, शेवटी मूल्यमापन. टेरी बॅरेट या अमेरिकन कलाशिक्षकांनी 1990 साली छायाचित्र-समीक्षेवर लिहिलेल्या पुस्तकात ही वाट नीट उलगडली आहे. आपण नेमके उलटे करतो. फोटो समोर आला की ‘छान’ किंवा ‘जमला नाही’ हा निकाल आधी तोंडातून निघतो आणि मग त्याला कारणे शोधली जातात. वाचकांनी हा क्रम जाणीवपूर्वक बदलून पाहावा. पहिली दोन मिनिटे फक्त काय दिसते ते सांगायचे: उजेड कुठून येतो, सर्वांत उजळ जागा कोणती, नजर आधी कुठे गेली, नंतर कुठे अडली, कडांवर काय आहे. हे वर्णन कंटाळवाणे वाटेल, पण फोटो काढणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडते ते हेच.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. कोकणातल्या घराची ओसरी, दुपारची वेळ. आजी सुपात तांदूळ निवडते आहे. नातीने मोबाईलवर फोटो काढला आहे. तिला तो अतिशय प्रिय आहे आणि तरी मनासारखा झालेला नाही. पाहणाऱ्याने वर्णन सुरू केले: ‘मला पहिल्यांदा मागचे पांढरे झालेले अंगण दिसले. मग उजव्या कडेची लाल बादली. मग आजींचा चेहरा, पण तो काळवंडलेला आहे. त्यांच्या डोक्यातून ओसरीचा खांब उगवल्यासारखा दिसतो. हात आणि तांदूळ मला सर्वांत शेवटी सापडले.’ या पाच वाक्यांत एकही दूषण नाही, एकही शेरा नाही. पण नातीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तिच्यासाठी फोटोचा विषय आजीचे हात होते आणि चौकटीत ते पाचव्या क्रमांकावर गेले होते.

यापुढचे उपाय वर्णनातूनच निघतात. चेहरा काळवंडला, कारण मागे उन्हाचे अंगण होते आणि कॅमेऱ्याने त्याचा उजेड धरून मोजमाप केले. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा वाढवता आला असता. त्याहून चांगले म्हणजे नातीने स्वतः जागा बदलून अंगणाकडे पाठ केली असती, तर तोच उजेड आजीच्या चेहऱ्यावर आणि हातांवर मऊपणे पडला असता. दोन पावले डावीकडे सरकली असती, तर बादली चौकटीबाहेर गेली असती आणि खांबही डोक्यामागून हटला असता. थोडे खाली, सुपाच्या पातळीवर बसली असती, तर हात पुढे आले असते. आजीला हलवायची गरज नव्हती, बादली उचलायचीही नव्हती. हौशी छायाचित्रकाराच्या बहुतेक अडचणींवर पहिला इलाज स्वतःचे पाय हाच असतो, आणि तो कोणत्या दिशेने करायचा हे असे वर्णन सांगते.

मिळालेले अभिप्राय तीन प्रकारांत वेगळे ठेवायला शिकावे, म्हणजे गोंधळ होत नाही. पहिला प्रकार पडताळून पाहता येणाऱ्या गोष्टींचा. फोटो अस्पष्ट का, याला उत्तर असते. सगळेच हललेले दिसत असेल, तर हात हलला. फक्त माणसाचा हात किंवा धावणारे मूल पुसट असेल, तर शटर त्या हालचालीच्या मानाने फार वेळ उघडे राहिले. मागची भिंत स्वच्छ आणि चेहरा मऊ असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला. तसेच उजेडाचे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. म्हणून पांढऱ्या टोप्या आणि धोतरांनी भरलेली वारी मळकट दिसते, तर वेरूळचा काळा पाषाण उगाच फिकट होतो. पहिल्या ठिकाणी उजेड थोडा वाढवायचा, दुसऱ्या ठिकाणी थोडा कमी करायचा. मोबाईलचे मुख्य भिंग रुंद दृश्य घेणारे असल्याने ते चेहऱ्याच्या अगदी जवळ नेले की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन पावले मागे जाऊन मग दृश्य जवळ ओढले की चेहरा आपला होतो. या गोष्टींत मतभेदाला जागा नाही आणि त्या लवकर शिकता येतात.

दुसरा प्रकार पाहणाऱ्याच्या अनुभवाचा. ‘माझी नजर या कोपऱ्यात अडकली’, ‘हा माणूस रागावलेला वाटतो’, ‘इथे काय चालले आहे ते कळले नाही’, हे अभिप्राय खरे-खोटे ठरवता येत नाहीत, कारण ती त्या व्यक्तीच्या नजरेची हकीकत आहे. तिच्याशी वाद घालू नये, ती नोंदवून ठेवावी. तीन अनोळखी माणसांची नजर एकाच कोपऱ्यात अडकली, तर त्या कोपऱ्यात काहीतरी आहे. तिसरा प्रकार आवडीचा. कोणाला गडद कृष्णधवल आवडते, कोणाला सणासुदीचे भडक रंग. हे ऐकावे, त्यातून रस वाढवावा, पण आपली चित्रे त्याप्रमाणे बदलत बसू नये. नवशिक्याचे हाल होतात ते बहुधा तिसऱ्या प्रकारचे मत पहिल्या प्रकारच्या ठामपणाने सांगितले जाते तेव्हा.

नियमांचेही असेच. विषय चौकटीच्या मध्यभागी न ठेवता एक-तृतीयांशावर ठेवावा, हा सल्ला प्रत्येक नवशिक्याला मिळतो. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना तो मांडला, म्हणजे छायाचित्रण जन्मायच्याही चार दशके आधी. तो उपयोगी आहे, कारण मोकळ्या जागेचा विचार करायला तो भाग पाडतो. पण मंदिराच्या गाभाऱ्यासमोर, सममितीने उभ्या दीपमाळांसमोर, थेट डोळ्यांत पाहणाऱ्या चेहऱ्यासमोर मध्यभागच योग्य ठरू शकतो. त्यामुळे ‘नियम मोडला’ एवढे सांगणारा अभिप्राय अपुरा समजावा. नियम मोडल्यामुळे फोटोत काय घडले, हे सांगणारा अभिप्राय जवळ करावा.

व्यापक चौकट हवी असलेल्या वाचकांना जॉन झारकोव्स्की यांचा मार्ग रुचेल. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये छायाचित्र विभाग सांभाळताना त्यांनी 1966 साली ‘द फोटोग्राफर्स आय’ हे पुस्तक सिद्ध केले. नामवंतांच्या चित्रांबरोबर अनामिकांनी काढलेले फोटोही त्यांनी तिथे एकाच पंगतीत बसवले आणि सर्वांना पाच बाजूंनी पाहिले: प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि उभे राहण्याची जागा. हे पाच प्रश्न आपल्या फोटोला विचारून पाहावेत. समोर नेमके काय होते? कोणता तपशील बोलतो आहे? कडांनी काय आत घेतले आणि काय कापले? हाच क्षण का? आणि इथूनच का? आजीच्या फोटोतल्या सगळ्या अडचणी या पाचांतल्या दोहोंत, चौकटीत आणि जागेत, होत्या. तपशील मात्र पहिल्यापासून उत्तम होता.

मोठ्यांची चित्रेही अशीच घडत जातात, हे पाहिले की धीर येतो. मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे डोरोथिया लँग यांनी मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे फोटो काढले. त्यांतला एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर गाजला. पण त्या दिवशीच्या सहा-सात चित्रांचा क्रम पाहिला, तर लांबून तंबू, मग थोडे जवळ, मग आणखी जवळ अशी त्यांची वाटचाल दिसते. शेवटच्या चौकटीत आईचा चेहरा, हात आणि तिला बिलगलेली मुले यांखेरीज जवळजवळ काही उरत नाही. त्या चित्राच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा एक अंगठा आला होता. लँग यांना तो खटकला आणि पुढे त्यांनी निगेटिव्हमधून तो पुसट करवला. त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांना हा फेरफार मान्य नव्हता, कारण दस्तऐवज जसा आहे तसा राहावा असे त्यांचे मत होते. विसाव्या शतकातल्या एका महत्त्वाच्या छायाचित्राच्या कोपऱ्यावरून दोन जाणकारांत असा मतभेद होऊ शकतो. तुमच्या फोटोतल्या बादलीवर दोघांनी दोन मते दिली, तर बिचकून जाऊ नका. अशा वेळी मतामागचे तत्त्व विचारावे.

याच चित्राने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. त्यातल्या आई, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, यांनी अनेक वर्षांनी आपली नाराजी उघडपणे सांगितली. जगाला भिडलेल्या त्या चित्रामुळे त्यांच्या पदरात काही पडले नव्हते. फोटोचा पहिला प्रेक्षक कोण, असे विचारले तर उत्तर बहुधा त्यात असलेला माणूस हेच असावे. बाजारातली भाजीवाली, वारीतले आजोबा, शाळेतली मुले यांचे फोटो काढताना आधी परवानगी घ्यावी, मग तो त्यांना दाखवावा आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. ‘मी अशी दिसते का?’ या त्यांच्या प्रश्नात समीक्षेचा मोठा धडा असतो. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे सुधारक ओलवे यांनी दीर्घकाळ टिपले. ती चित्रे पाहताना छायाचित्रकार त्या माणसांत किती काळ वावरला आहे हे जाणवते, आणि दया वाटण्याऐवजी आदर वाटायला लागतो. गौतम राजाध्यक्ष यांनी काढलेली व्यक्तिचित्रे अगदी वेगळ्या, रुपेरी जगातली, पण समोरच्या माणसाला निर्धास्त करण्याची त्यांची हातोटी नवशिक्याने जरूर अभ्यासावी.

अभिप्राय मागण्यापूर्वीची एक पायरी बरेच जण गाळतात. ती म्हणजे निवड. रॉबर्ट फ्रँक यांनी 1955–56 मध्ये अमेरिकाभर फिरून 767 रोल वापरले. सुमारे 27,000 चित्रांमधून त्यांच्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात आली फक्त 83. आपल्याला इतके कठोर होण्याची गरज नाही, पण एकाच सूर्यास्ताचे चौदा फोटो समोर ठेवले, तर पाहणारा थकतो आणि मग ‘सगळेच छान’ म्हणून सुटका करून घेतो. तीन-चार फोटो निवडावेत. निवडताना प्रत्येकाला विचारावे: तिथे गेलो नसतो, तरी मला हा आवडला असता का? एक युक्ती करून पाहावी. आंरी कार्तिए-ब्रेसाँ छायाचित्राची रचना पारखताना प्रिंट उलटे धरत. मोबाईलवरही हे सहज जमते. चित्र उलटे झाले की ओळखीचा चेहरा आणि त्यामागची आठवण मागे सरते. उजळ जागा, गडद जागा आणि आकार तेवढे राहतात. चौकटीचा तोल तेव्हा स्वच्छ दिसतो.

मग प्रश्न. ‘कसा आहे?’ या प्रश्नाला सभ्य माणूस ‘छान’ असेच उत्तर देईल. त्याऐवजी विचारावे: ‘तुम्हाला आधी काय दिसले?’ ‘यात काय चालले आहे असे वाटते?’ ‘यातले काय काढून टाकले तर चालेल?’ ‘या तिघांतला कोणता गाळाल?’ आणि हे विचारताना फोटोमागची कथा आधी सांगू नये. कथा सांगितली की पाहणाऱ्यालाही आपली आठवण दिसू लागते आणि ज्या कारणासाठी त्याच्याकडे गेलो, तेच हरवते. त्याचे बोलून झाल्यावर आपला हेतू सांगावा आणि हेतू आणि परिणाम यांत अंतर किती पडले, ते दोघांनी मिळून पाहावे. एकाच माणसावर विसंबू नये. एक छायाचित्रणातला जाणकार, एक त्यातले काही न कळणारा पण मोकळेपणाने बोलणारा, आणि शक्य असेल तेव्हा फोटोतली व्यक्ती, असे तिघे मिळाले तर नवशिक्याला आणखी काही नको.

सोबतीसाठी संस्थाही आहेत. मुंबईतली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ 1937 पासूनची आहे आणि अनेक शहरांत हौशी मंडळे जमतात. जवळपास असे काही नसेल, तर चार मित्रांनी महिन्यातून एकदा बसावे. शक्यतो फोटो कागदावर छापून घ्यावेत. पडद्यावर बोट सरकत राहते. कागद टेबलावर पडून राहतो, हातोहात फिरतो आणि दोन चित्रे शेजारी ठेवून तुलना करता येते. अशा बैठकीत स्वतःचे दाखवण्याइतकेच दुसऱ्याचे पाहणे महत्त्वाचे मानावे. दुसऱ्याच्या चित्राचे वर्णन करताना शब्द शोधावे लागतात आणि ते शब्द पुढे आपल्याच कामी येतात.

सोबत नसेल तेव्हा काळ मदत करतो. गॅरी विनोग्रँड हे न्यूयॉर्कचे छायाचित्रकार काढलेले रोल मुद्दाम बराच काळ तसेच ठेवत, जेणेकरून त्या क्षणीची मनःस्थिती विरून जावी आणि चित्राकडे चित्र म्हणून पाहता यावे. 1984 साली त्यांचे निधन झाले तेव्हा सुमारे 2,500 रोल डेव्हलप व्हायचे राहिले होते, म्हणून त्यांची नक्कल करताना थोडा आवर घालावा. पण फोटो काढल्यावर तो लगेच कोणाला न पाठवता महिनाभर बाजूला ठेवून पाहावा. आठवण जसजशी मागे हटते, तसतसे आपणही आपल्या फोटोपुढे बरेचसे परके होतो आणि परक्याला दिसते ते आपल्यालाही दिसू लागते.

वाचकांनी या क्षेत्रात यावे असे मनापासून वाटते, याचे कारण एवढेच की त्याचा लाभ फोटोपुरता राहत नाही. सुरुवातीला अभिप्राय नंतर येतो: फोटो काढायचा, दाखवायचा, मग बादली दिसायची. काही महिने हे सातत्याने केले, की एक दिवस शटर दाबण्यापूर्वीच बादली दिसते आणि पाय आपोआप दोन पावले सरकतात. दुसऱ्यांनी उसनी दिलेली नजर तोवर आपली झालेली असते. तेव्हा तुमच्याजवळचे तीन फोटो आज निवडा, ज्याने ते पाहिलेले नाहीत अशा एका माणसासमोर ठेवा, आणि त्याला आधी काय दिसले एवढेच विचारा. त्याचे उत्तर लिहून ठेवा. आणि पुढे कोणी नवखा आपला फोटो घेऊन तुमच्याकडे आला, तर ‘छान’ म्हणण्याआधी दोन मिनिटे त्यालाही द्या.